तेरूबेचं मागणं

उपवासकाळ लागला की मिकाएरे मास्तरांच्या घरी मागणाऱ्यांची रीघ लागायची. एरवी वर्षभर लोक थोडी लाज बाळगून असत. पण राखेचा बुधवार झाला, मास्तरांनी कपाळावर राख लावून देवळात त्यागावर बोलून घेतलं, की गावाला जणू मोकळं रानच मिळायचं. कुणाला जाळं हवं असे, कुणाला कुऱ्हाड, कुणाला खाचरातला बबाई अळूचा कंद. मागणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मास्तर ती वस्तू आणायला उठलेले असत. आणि मागणाराही मनातल्या मनात चुकचुकत असे, की थोडं जास्त मागितलं असतं तरी चाललं असतं.

आमच्या बेटांवर या मागण्याला बुबुसी म्हणतात. नात्यातल्या माणसानं तोंडानं म्हटलं, 'मी बुबुसी करतो,' की संपलं. ती वस्तू द्यायची. नाही म्हणणाऱ्याची गावभर छी थू होते आणि पुढे त्याच्या नातवंडांनाही ती ऐकावी लागते. म्हणून शहाणी माणसं चांगली वस्तू पेटीत झाकून ठेवतात. मास्तरांच्या पेटीला झाकणच नव्हतं. तेही कुणीतरी मागून नेलं होतं.

मास्तर म्हणजे आमच्या गावचे कॅटेकिस्ट. फादर महिन्यातून एकदा बोटीनं येणार, बाकीचे दिवस प्रार्थना, शिकवणी, आजाऱ्याच्या उशाशी बसणं हे सगळं मास्तरांकडे. माणूस खरा होता, यात कुणाचं दुमत नव्हतं. ढोंगी असते तर तेरूबेला बरं पडलं असतं. ढोंगी नवऱ्याशी भांडता येतं.

तेरूबे त्यांची बायको. मास्तर जे जे सोडत गेले ते ते तिच्याही हातून सुटत गेलं. त्यांनी साखर सोडली आणि घरात साखर यायची बंद झाली. त्यांनी तंबाखू सोडली तेव्हा तिची संध्याकाळची एक विडीही गेली, कारण मास्तरांच्या घरातून धूर येतो म्हटल्यावर लोक काय समजणार? मुलगा परदेशी जहाजावर काम करतो. त्यानं आईच्या पाठीसाठी गादी पाठवली होती. तिचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता, तेवढ्यात एक पाठदुखीवाला आला आणि ती खांद्यावर टाकून घेऊन गेला. त्याग मास्तरांचा, टंचाई तिची. ती बोलली नाही. ती स्वतः श्रद्धाळू बाई होती. प्रभूला डोकं टेकायला जागा नव्हती हे तिला पाठ होतं. पण प्रभूला बायको नव्हती, असंही कधीकधी तिच्या मनात येऊन जाई, आणि मग ती जीभ चावून जपमाळ हातात घेई.

गेली काही वर्षं तिचे डोळे चालले होते. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि काळोख कळे. उजव्यातून नारळाच्या दुधातून पाहावं तसं दिसे. चटया ती बोटांनी चाचपून विणत होती. चुलीपुढे मात्र बोटं उपयोगाची नाहीत. मागच्या महिन्यात किटलीनं हात भाजला तो अजून पुरता भरला नव्हता.

तारावाला, म्हणजे राजधानीच्या बेटावर, वर्षातून एकदा बाहेरदेशचे डोळ्यांचे डॉक्टर येतात, आठवडाभर राहतात, मोतीबिंदू काढतात आणि निघून जातात. गेल्या वर्षी तिची जागा बोटीत पक्की झाली होती. बोटीत चढताना एका पोरीला अवेळी कळा सुरू झाल्याचं कळलं आणि तिला जागा देऊन तेरूबे स्वतःहून खाली उतरली. त्याचं तिला दुःख नव्हतं. त्या पोरीचं बाळ आता गावभर रांगत असतं आणि तेरूबेच्या चटयांचे धागे उसवून ठेवतं. या वर्षी फादरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मिशनच्या बोटीत गावाच्या दोन जागा, एक शाळेच्या बाईंची आणि एक तेरूबेची. बोट गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर सुटणार होती. तिनं दोन कपडे आणि एक चटई पिशवीत घालून पिशवी खांबाला टांगून ठेवली होती.

बुधवारी दिवस कलताना तोआकाई आला. तोआकाई मास्तरांचा चुलतभाऊ. तो घराच्या उंच मचाणाच्या कडेला, पाय खाली सोडून बसला. तेरूबे मागच्या बाजूला नारळ खवत होती. डोळे गेल्यापासून तिला कानांनी जास्तच ऐकू येऊ लागलं होतं.

"चहा घेतोस?" मास्तरांनी विचारलं.

"तुझा तो बिनसाखरेचा? नको रे बाबा. तो तूच पी, तुला पुण्य लागतं." तोआकाई हसला. मग जरा खाकरला. "दादा, थोरल्याच्या पोरीचा पहिला वाढदिवस आहे शनिवारी, तारावाला. डुक्कर बांधून तयार आहे. आजोबाशिवाय पहिला वाढदिवस म्हणजे कसं दिसतं ते? पण बोटीत जागा नाही. फादर म्हणतात गावाच्या दोनच. तर दादा, मी बुबुसी..."

तेरूबेचा हात थांबला.

"घे," मास्तर म्हणाले. "घे, तोआकाई. जागा काय माझी आहे? सगळं देवाचंच."

तोआकाईलाही एवढं सोपं जाईल असं वाटलं नसावं. तो थोडा घुटमळला. "वहिनी रागावणार नाहीत ना?"

"ती? तिला काही नको असतं. माझ्याहून मोठी त्यागी आहे ती."

तोआकाई गेला. तेरूबे खवलेला नारळ तसाच टाकून हात पुसत पुढे आली आणि चाचपत मास्तरांच्या समोर बसली.

"मला काही नको असतं?" तिनं विचारलं.

"अगं, तसं नव्हे. पुढच्या वर्षी येतीलच की डॉक्टर."

"गेल्या वर्षीसुद्धा पुढचं वर्षच होतं."

"नात्यातला माणूस. बुबुसी केली. नाही कसं म्हणायचं?"

"तोंडानं."

मग मास्तरांचा देवळातला आवाज आला, मऊ आणि समजावणारा. या आवाजानं गावातली भांडणं मिटत असत. "तेरूबे, हे उपवासाचे दिवस आहेत. आपण हे देवाला अर्पण करू. एवढं दुःख आपण त्याच्यासाठी सोसू."

"आपण?" ती म्हणाली. "डोळे कुणाचे, मास्तर?"

तेवढ्यात संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि मास्तर देवळाबाहेर घंटेऐवजी टांगलेलं रिकामं सिलिंडर वाजवायला निघून गेले. तो ठणठणाट तिनं आयुष्यभर ऐकला होता. आज तो डोक्यात जाऊन बसला.

शेजारी राहणारी तिची धाकटी बहीण रोरेती धावत आली. बातमी तोआकाईच्या बायकोनं विहिरीवरच सांगून टाकली होती.

"ताई, तू गप्प कशी बसलीस? मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं!"

"घर डोक्यावर घ्यायला अंगात ताकद लागते, रोरेती."

"मी जाते आणि तोआकाईलाच बुबुसी करते. दे म्हणावं जागा."

"तो देईल. आणि मग गावभर सांगत सुटेल की मास्तरांनी एका हातानं दिलं आणि मेव्हणीला पाठवून दुसऱ्या हातानं काढून घेतलं. वर मास्तरांना काही कळायचंही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी येईल."

"मग बस आंधळी होऊन!" रोरेती रडायला लागली. तेरूबेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. ती थकली होती. भूक मारून, हौस मारून, तोंड मिटून ती इतकी थकली होती की रागालाही आता जोर उरला नव्हता. रात्री तिनं जपमाळ घेतली, पण मणी नुसते बोटांतून सरकत राहिले. नवऱ्यानं काय काय सोडलं ते तिला एकेक करून आठवत होतं. साखर, तंबाखू, रेडिओ, चांगला सदरा, पेटीचं झाकण. माणसानं सगळं देऊन टाकलं होतं. आणि तरीही कशाला तरी घट्ट धरून बसल्यासारखा तो का वाटतो, हे तिला पहाटे पहाटे उमगलं.

सकाळची प्रार्थना झाली. मास्तर घरी येऊन काळा चहा घेऊन बसले. तेरूबे मचाणाच्या मागच्या बाजूनं उतरली. खांब धरत धरत घराला वळसा घालून ती वाटेवर गेली आणि तिथून परकी बाई यावी तशी समोरून आली. मचाणाच्या कडेला, पाय खाली सोडून ती बसली आणि खाकरली.

"तिथे काय बसलीस?" मास्तर म्हणाले. "वर ये."

"मागणारं माणूस कडेलाच बसतं."

"काय?"

"बुबुसी करायला आलेय."

मास्तर हसले. मग त्यांचं हसणं थांबलं. "बायको नवऱ्याला बुबुसी करत नाही, तेरूबे. घरातलं माणूस घरात मागतं."

"घरात मागून झालं. तुमच्या धाकट्या भावाला माझ्या मावशीनं दत्तक घेतलं होतं. त्या नात्यानं मागतेय. आहे ना नातं?"

नातं होतं. आमच्याकडे दत्तकाचं नातं रक्ताच्या नात्याएवढंच पक्कं मानतात आणि हे मास्तरांनीच पोरांना शिकवलं होतं. ते म्हणाले, "आता माझ्याकडे उरलंय काय द्यायला?" आणि या बोलण्यात जो बारीकसा डौल होता तो तेरूबेच्या कानांनी बरोबर टिपला.

"एक उरलंय. ते आजवर कुणी मागितलं नाही, म्हणून राहिलं. मिकाएरे मास्तर कधी कुणाला नाही म्हणत नाहीत, हे जे तुमचं नाव झालंय ना, ते मला द्या. किनाऱ्यावर चला आणि सगळ्यांदेखत तोआकाईला नाही म्हणा."

चहाचा कप मास्तरांनी खाली ठेवल्याचं तिला ऐकू आलं.

"लोक काय म्हणतील?" ते अखेर म्हणाले.

संसाराच्या इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. टोमणा मारायची संधी होती, पण तिला मारावासा वाटला नाही. "बघा, तुम्हालाही वाटतं ना त्याचं," ती म्हणाली.

"तेरूबे, दुसरं काहीही माग."

"दुसरं सगळं तुम्ही देऊन टाकलंत."

रोरेतीनं खांबावरची पिशवी काढून घेतली आणि बहिणीचा हात धरला. मास्तर पुढे चालत होते. तेरूबेला त्यांचा सदरा एक पांढरा डाग असा दिसत होता. त्या डागाच्या मागे चालताना तिनं मनाची तयारी करून ठेवली. काय होणार हे तिला ठाऊक होतं. मास्तर सांगणार, 'तेरूबेनं बुबुसी केली, माझा इलाज नाही.' मग त्यांना कुणी नावं ठेवणार नाही. मागितलेलं द्यावंच लागतं. उलट बायकोनं देखील मागितलं तरी दिलं, म्हणून त्यांचं नाव आणखी मोठं होईल. आणि तिचं होईल ते होईल. हावरट बाई, नातेवाईकांच्या आनंदात माती कालवणारी, त्याग्याच्या घरातली भोगी. होऊ दे. तिला डोळे हवे होते आणि त्यासाठी जे मोजावं लागेल ते मोजायला ती तयार होती.

खाडीकडच्या किनाऱ्यावर भरती आली होती. बोट गुडघाभर पाण्यात उभी होती. निम्मं गाव निरोप द्यायला जमलं होतं. तोआकाईचं डुक्कर पाय बांधून बोटीत टाकलं होतं आणि ते कानठळ्या बसतील असं ओरडत होतं. तोआकाई पाण्यात उभा राहून चटया आत चढवत होता.

"आलास दादा? आशीर्वाद द्यायला आलास?"

"तोआकाई," मास्तर म्हणाले, "तुला जागा देत नाही मी."

"काय?"

"नाही म्हणतोय. तेरूबे जाणार आहे."

तोआकाई मोठ्यानं हसला. "सकाळी सकाळी मस्करी करतोस होय?" कुणी साथ दिली नाही तेव्हा त्याचं हसू विरून गेलं. बायकांची कुजबुज थांबली. फक्त डुक्कर ओरडत राहिलं.

"काल दिलीस की!"

"काल दिली. ती द्यायला नको होती. आज परत घेतोय."

"वा रे वा!" तोआकाईचा आवाज चढला. "देवळात उभा राहून आम्हाला काय सांगतोस तू? कशावर मन ठेवू नका. कशाला माझं म्हणू नका. माझ्या पोरानं तुझं ऐकून आपली होडी दिली होती कुणाला तरी! आणि आता नातीच्या पहिल्या वाढदिवसाला तू मला बोटीतून उतरवतोस?" मग तो थोडा थांबला. तोआकाई वाईट माणूस नव्हता. त्यानं स्वतःच वाट काढून दिली. "वहिनींनी बुबुसी केली का तुला? तसं असेल तर सांग ना. मग माझं काही म्हणणं नाही, दादा. रीत ती रीत."

रोरेतीची बोटं तेरूबेच्या दंडात रुतली. तेरूबेनं मान खाली घातली आणि वाट पाहिली.

मास्तर बोलले तेव्हा तो देवळातला आवाज नव्हता. तो एका म्हाताऱ्या माणसाचा, चिरकलेला आवाज होता.

"तिला यात ओढू नकोस. मलाच हवंय ते."

"तुला?"

"तिला दिसावं, असं मला हवंय."

"तुला कधीपासून काही हवं असायला लागलं रे?" तोआकाईनं विचारलं आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"मलाही ठाऊक नव्हतं," मास्तर म्हणाले.

तोआकाईनं डुकराला बोटीतून ओढलं, चटया खांद्यावर टाकल्या आणि मास्तरांच्या अंगावर पाणी उडवत तो किनाऱ्याकडे निघून गेला. त्याच्यामागे त्याची बायको, मग त्याचे शेजारी, मग एकेक करून बाकीचेही निघाले. निघताना मास्तरांना रोज नमस्कार करणाऱ्यांनीही तोंड फिरवलं असावं, कारण तेरूबेला वाळूवरची पावलं ऐकू आली, पण शब्द एकही ऐकू आला नाही.

मास्तरांनी तिचा एक हात धरला, रोरेतीनं दुसरा. मास्तरांनी तिला काठावरून आत चढवलं आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"सांगायचं होतंत ना," तेरूबे हळूच म्हणाली. "मीच मागितलं म्हणून. तो विचारत होता की."

"तू नाव मागितलंस ना? मग तेवढं माझ्यासाठी कशाला राखून ठेवू?"

"रविवारी देवळात कसे उभे राहाल?"

"बघू. कुणी आलं तर उभा राहीन."

नावाड्यानं इंजिन सुरू केलं. तेरूबेला वाटलं होतं की आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. अंगातला सगळा शीण तेवढा एकदम वर आला आणि ती पिशवीला बिलगून बसून राहिली. बोट वळली. किनारा कुठल्या बाजूला आहे हेही तिला कळेना. शेवटी तिनं शेजारी बसलेल्या शाळेच्या बाईंना विचारलं, "मास्तर गेले का घरी?"

"नाही. पाण्यातच उभे आहेत."

"रोरेती आहे ना जवळ?"

"ती वर गेली. आता कुणीच नाही किनाऱ्यावर. एकटेच आहेत."

"हात करताहेत?"

"नाही हो. नुसतेच उभे आहेत. इकडे बघताहेत."

तेरूबेनं तोंड त्या दिशेला वळवलं. समोर सगळं पांढरं होतं, त्यात कुठला डाग नवऱ्याचा आणि कुठला लाटेचा ते तिला ओळखता येईना. चटया, चूल, जपमाळेचे मणी, यांच्यासाठी तिला डोळे हवे होते, असंच ती आजवर समजत होती. आता ती ओक्साबोक्शी रडू लागली, कारण तिला तो माणूस बघायचा होता आणि तो दिसत नव्हता.